बरणीत नेमकं काय होतं

४ जानेवारी

प्रिय ढब्बू,

नमस्कार, खुशाली वगैरे सगळं आलं असं समज आणि आधी दुकानाच्या आतल्या खोलीत जाऊन बस. हे पत्र औषधांच्या काउंटरवर, मुलासमोर उभ्याने वाचायचं नाही.

शाळेच्या बाकावर चिठ्ठ्या सरकवायचो, त्यानंतर मी तुला पहिल्यांदाच कागदावर लिहितोय. फोन करावा तर तुझ्या कानांचं हे असं. तू फोन स्पीकरवर टाकतोस आणि मी बोललेलं प्रत्येक वाक्य खात्री करायला मोठ्याने म्हणून दाखवतोस. मागे मी तुला मूळव्याधीचं विचारलं, तेव्हा तुझ्या रांगेतल्या सात माणसांनी मला उपाय सुचवले. मेसेज करावा तर लेकीने माझा मोबाईल घरच्या टीव्हीला जोडून ठेवलाय. कुणाचा काय निरोप आला ते बातम्यांसारखं पडद्यावर सरकत जातं. तेव्हा पत्र.

आता मुद्दा. इथपर्यंत यायला तीन कागद फाडलेत. ढब्बू, मी एकोणसाठचा झालो आणि गेलं वर्षभर नवरा म्हणून माझा काही उपयोग राहिलेला नाही. कळलं ना? हसून घे, मी थांबतो. मी घड्याळजी असल्यामुळे या विषयावर घड्याळाचे जेवढे विनोद होऊ शकतात तेवढे मी स्वतःवर करून झालेत. तुला नवीन काही सुचेल अशी आशा नाही.

सुरुवातीला म्हटलं, थकवा असेल. मग म्हटलं, उन्हाळा असेल. मग उन्हाळा संपला आणि माझ्याकडची कारणंही संपली. तेव्हापासून मी हिच्या आधी अंथरुणात शिरून घोरायचं नाटक करायला लागलो. ते इतकं छान जमायला लागलं की एकदा माझ्याच घोरण्याने मला जाग आली. आणि दोन महिन्यांपूर्वी ही पलीकडच्या खोलीत झोपायला गेली. म्हणाली, "पाठ धरते हो माझी, तिथली गादी कडक आहे." पस्तीस वर्षं ही गादी चालली आणि आता नेमकी मऊ झाली होय? मला काय समजायचं ते समजलं. ती बोलते, हसते, चहा देते, सगळं करते. पण ते दार लागलं की मी जागाच राहतो. हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

परवा समोरच्या चष्मेवाल्याने मला एक बरणी दिली. अश्वगंधेच्या मुळीच्या कॅप्सूल. बरणीवर घोडा उधळलाय. चष्मेवाला स्वतः घेतो आणि हल्ली दुकानात शीळ घालत असतो. बरणी मी दुकानात, जुन्या पट्ट्यांच्या खोक्यात लपवली आहे, अजून उघडलेली नाही. तू चाळीस वर्षं औषधं विकलीस. सरळ सांग, या मुळीने फायदा होतो का? आणि वनस्पतीच आहे, म्हणजे अपाय तर नाही ना? मला काही घोडा व्हायचं नाही. ही या खोलीत परत यावी, एवढंच.

उत्तर माझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव, आणि तुझ्या मेडिकलचं नाव छापलेला लिफाफा वापरू नकोस. हिला यातलं काही कळलं तर तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. बाकी प्रकृती उत्तम.

तुझा,
लंब्या (आता पोक आलंय, पण नाव तेच)


११ जानेवारी

प्रिय लंब्या,

पत्र आतल्या खोलीत बसून वाचलं. हसलो नाही. बरं, एकदा हसलो, घोरण्यापाशी.

लिफाफा साधाच पाठवतोय. आमच्याकडे या तक्रारीसाठी येणारा माणूस कसा येतो माहितेय? आधी खोकल्याची गोळी मागतो. मग कंगवा बघतो. मग दुकानातल्या बायका जाईपर्यंत वजनकाट्यावर उभा राहतो. काही जणांनी तर त्या एका प्रश्नापायी वर्षभर वजन केलं. तू निदान लिहिलंस, म्हणजे त्यांच्यापेक्षा शहाणा आहेस.

आता मुळीचं ऐक. अश्वगंधेवर काही अभ्यास झालेत, पण छोटे छोटे, थोड्या आठवड्यांचे. ताण जरा उतरतो, झोप जरा बरी लागते, आणि झोप लागली की माणसाला सगळंच जरा बरं वाटतं. तुझी जी नेमकी तक्रार आहे, तिच्यावर ती हमखास चालते असा पक्का पुरावा माझ्या तरी पाहण्यात नाही. जो काही फरक पडायचा तो महिना-दोन महिन्यांनी, हळूहळू. चष्मेवाला शीळ का घालतो ते मला ठाऊक नाही.

आणि वनस्पती म्हणजे बिनधोक हे तुला कुणी सांगितलं? धोतराही वनस्पतीच आहे. ही मुळी थोडे दिवस घेतली तर बहुतेकांना काही होत नाही, फार तर पोट बिघडतं नाहीतर पेंग येते. पण क्वचित कुणाच्या यकृताला सूज येते. थायरॉईडची, साखरेची, रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. हे मी दिवसातून दहा वेळा सांगतो, लोक मान हलवतात आणि घरी जाऊन त्यांना हवं तेच करतात.

तेव्हा मला तीन गोष्टी कळव. एक, तू रोज काय काय गिळतोस ते सगळं. दोन, बरणीवरचं लेबल जसंच्या तसं उतरवून पाठव. तीन, हृदय तपासून कधी घेतलं होतंस? दचकू नकोस. आपल्या वयात ही तक्रार पुष्कळदा रक्तवाहिन्यांकडून आलेली पहिली नोटीस असते. बारीक नळ्या आधी कुरकुरतात, मोठ्या नंतर. म्हणून आधी डॉक्टर, मग घोडा.

आणि चौथी गोष्ट, जी तुला आवडणार नाही. वहिनींना सांग. मला पानंच्या पानं लिहिलीस, त्यांना एक वाक्य सांगायला काय होतं?

तुझा,
ढब्बू


२० जानेवारी

प्रिय ढब्बू,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस घाबरलो आणि तिसऱ्या दिवशी बरणी उघडली. रागावू नकोस, आधी निकाल ऐक. मी सगळं शास्त्रशुद्ध केलंय.

आमच्या धंद्यात एक नियम असतो. घड्याळ मागे पडत असेल तर एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन हलवल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही. तू म्हणालास की रक्तदाबाची गोळी आणि मुळी एकत्र नको. मला ते तंतोतंत पटलं. म्हणून मी दोन दिवस आधी रक्तदाबाची गोळीच बंद केली. आता एका वेळी एकच गोष्ट चालू आहे. दुरुस्तीला आलेल्या घड्याळांची करतो तशी कार्डावर नोंदही ठेवली आहे. ती इथे उतरवतो.

रविवार, १९ जानेवारी. दुपारी १.५०, एक कॅप्सूल, पाण्याबरोबर. २.२५, चेहरा गरम. २.३०, नाक चोंदलं, डोकं ठणकतंय. २.४०, होय.

या 'होय'खाली मी दोन रेघा मारल्यात. ढब्बू, पन्नास मिनिटं! तू महिना-दोन महिने म्हणत होतास. माझ्या हिशेबात एकच चूक झाली. ही शिंपिणीकडे गेली होती ती साडेपाचला परतली. तोवर मी मांडीवर उशी घेऊन वर्तमानपत्र वाचत बसलो. लेक दोनदा खोलीत येऊन गेली आणि दोन्ही वेळा मी छोट्या जाहिरातींत बुडालेलो होतो. तिला वाटलं, बाबा घर विकतायत. ही आली तोवर सगळं ओसरलं होतं आणि मी डोकेदुखीने आडवा झालो होतो. हिने मला बाम चोळून दिला. एवढा खटाटोप करून पदरात काय, तर बाम.

वेळ जावा म्हणून मध्ये एक मनगटी घड्याळ उघडून बसलो, तर पांढरी डायल निळसर दिसायला लागली. डोळ्याला भिंग लावलेलं होतं, त्याचा काही दोष असावा. भिंग बदलायला काढलंय.

लेबल असं आहे: 'शुद्ध मूळ. शंभर टक्के नैसर्गिक. राजेरजवाड्यांचं गुपित. दुष्परिणाम शून्य.' बनवणाऱ्याचा पत्ता नाही, फक्त मोबाईल नंबर, आणि तो लागत नाही. राजेरजवाड्यांना तरी कुठे पत्ता लागतो म्हणा.

गोळ्या म्हणशील तर रक्तदाबाची ती एक. शिवाय छातीत धरलं तर जिभेखाली ठेवायची एक बारीक गोळी. ती रोजची नाही. जिने चढताना कधीमधी लागते, म्हणून डबी खिशात असते. गेल्या वर्षी ती सुरू केली तेव्हा हृदय तपासा म्हणाले होते, ते राहिलंच.

येत्या रविवारी ही घरी आहे, मी खात्री करून घेतली आहे. लेक मैत्रिणीकडे जाणार आहे. फुलं आणावीत म्हणतो. हिला तेव्हाच काय ते कळेल, आधी सांगायची गरजच नाही.

तुझा,
लंब्या


२४ जानेवारी, कुरिअरने

लंब्या, गाढवा,

बसून वाच. ती बरणी फेक. एकही कॅप्सूल घेऊ नकोस.

कुठलीही मुळी पन्नास मिनिटांत काम करत नाही. चेहरा लाल, नाक बंद, डोकं ठणकणं, पांढरं ते निळं दिसणं, ही सगळी लक्षणं डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात त्या गोळीची आहेत. तुझं भिंग ठणठणीत आहे. मुळीच्या नावाखाली कुणीतरी त्या कॅप्सूलमध्ये ते औषध कुटून घातलंय. असे प्रकार होतात, आणि म्हणूनच असल्या बरण्यांवर पत्ता नसतो. तुझा घोडा भाड्याचा आहे.

आता मुख्य गोष्ट. ते औषध आणि तुझी जिभेखालची गोळी एकत्र आल्या तर रक्तदाब असा कोसळतो की माणूस उठत नाही. एकही कॅप्सूल पोटात गेलेली असेल आणि छातीत दुखलं, तर ती बारीक गोळी घ्यायची नाही. तडक हॉस्पिटल गाठायचं आणि तिथे पहिलं वाक्य या बरणीचं बोलायचं. लाज घरी ठेवून जायची. रक्तदाबाची गोळी कशी सुरू करायची ते आजच तुझ्या डॉक्टरांना विचार. माणूस म्हणजे घड्याळ नव्हे, एक चाक थांबवून दुसरं तपासायला.

काल पत्र मिळाल्यापासून तुला नऊ वेळा फोन केला. भिंग डोळ्याला असलं की तू फोन उचलत नाहीस. घरी केला तर वहिनी उचलतील, आणि तू मला शपथ घातलीस. रविवारी दुपारी एकपर्यंत तुझा फोन आला नाही, तर मी घरी फोन करणार. शपथ गेली खड्ड्यात.

चष्मेवाल्यालाही सांग. शीळ बंद झाली तरी चालेल म्हणावं.

ढब्बू


२९ जानेवारी, हॉस्पिटलमधून

भावोजी,

साष्टांग नमस्कार. तुम्हाला फोनवर काही सांगायचं म्हणजे अख्ख्या वॉर्डाला सांगायचं, म्हणून हे पत्र. हे आता बरे आहेत. दोन रक्तवाहिन्या अडल्या होत्या, त्या मोकळ्या केल्या. तुमचं कुरिअर शनिवारी दुकान बंद झाल्यावर आलं होतं. ते शटरखाली पडलेलं सापडलं.

रविवारी हे फुलं घेऊन तीन जिने चढून आले आणि दारातल्या खुर्चीतच बसले. तोंड पांढरंफटक. खिशातून डबी काढली, गोळी तळहातावर घेतली. तेवढ्यात तुमचा फोन. तुम्ही "हॅलो"सुद्धा म्हणाला नाहीत. "त्याने घोड्याची कॅप्सूल घेतली असेल तर जिभेखालची गोळी देऊ नका, मरेल तो!" हे शब्द मी ऐकले, शेजारीण चिमूटभर हिंग मागायला आली होती तिने ऐकले, आणि सिंकखाली आडव्या झालेल्या नळदुरुस्तीवाल्याने ऐकले. मी यांच्या हातावर फटका मारला. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यावर हात उचलला. गोळी कुठे गेली ते अजून सापडलेलं नाही. शेजारीण आणि नळवाला यांनी यांना खुर्चीसकट खाली नेलं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "काय घेतलंय?" हे छताकडे बघायला लागले. शेवटी नळवाल्यानेच सांगितलं, "साहेब, घोड्याची कॅप्सूल."

म्हणजे आता सगळ्यांना सगळं माहीत आहे. नळवाला काल फळं घेऊन भेटायला आला होता. फक्त हे माझ्याशी बोलत नाहीत. मी आत गेले की भिंतीकडे तोंड करतात. भावोजी, तुम्हाला पत्रांवर पत्रं लिहिली आणि मला एक शब्द नाही. मी काय इतकी परकी झाले? कोंबडीसारखी तीन दिवस खुर्चीत बसून आहे मी इथे. तुम्ही काही समजावू शकत असाल तर समजवा. मला राग येतो आणि रागाने रडू येतं, आणि यांच्यासमोर रडायचं नाही असं सिस्टरने बजावलंय.

तुमची,
वहिनी


३ फेब्रुवारी

प्रिय लंब्या,

मी शुक्रवारीच फोन करायला हवा होता. शपथेचा विचार करत दोन दिवस घालवले आणि त्या दोन दिवसांत तू गेला असतास. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही.

आता तू भिंतीकडे तोंड करून झोपतोस असं कळलं. तेव्हा भिंतीकडे बघतच वाच.

तुला ते सगळे उपदेश केले ना मी? यकृत, थायरॉईड, डॉक्टरांना विचारा? आता ऐक. आठ वर्षांपूर्वी माझं तेच झालं होतं जे तुझं. आणि मी, चाळीस वर्षं लोकांना शहाणपण विकणारा मी, माझ्याच दुकानातल्या फडताळातून अश्वगंधेची बाटली काढली आणि घरी कपाटात, जुन्या बुटांच्या खोक्यात ठेवली. चांगल्या कंपनीची, पत्ता वगैरे असलेली होती, एवढीच माझी अक्कल. मला थायरॉईडची गोळी चालू होती. डॉक्टरांना विचारलं नाही. विचारणार कसं? डॉक्टर माझेच गिऱ्हाईक. वर्षभर रोज सकाळ-संध्याकाळ घेतली. मला काही अपाय झाला नाही आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या महिन्यापासून फायदा वाटायला लागला. थोडा. पुरेसा. मी स्वतःवर इतका खूश होतो की काउंटरवर तोच उपदेश आणखी मोठ्या आवाजात करायचो.

पण त्याआधीचे जे सात-आठ महिने होते, त्यांचं मला काही करता आलं नाही. त्या काळात मी बायकोकडे, आपल्या आक्काकडे, पाठ करून झोपायचो. दुकानातून उशिरा यायचो. तिने एकदा विचारलं, "माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "छे, कामाचा ताण." मी तिला कधीच सांगितलं नाही, लंब्या. ना तक्रारीचं, ना बाटलीचं. नंतर सगळं सुरळीत झालं, आता जुनं कशाला उकरायचं म्हणून राहून गेलं. आणि मग ती आजारी पडली, आणि गेली. तिला जाऊन चार वर्षं झाली. त्या महिन्यांत तिला वाटलं असेल की याला मी आवडेनाशी झाले. ते तसंच मनात ठेवून ती गेली असेल, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही. सांगायला एक वाक्य लागलं असतं.

तुझ्याकडे ते वाक्य सांगायला माणूस आहे. ती तुझ्या खाटेशेजारच्या खुर्चीत बसली आहे. कूस बदल.

तुझा,
ढब्बू


१६ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

कूस बदलली. लगेच नाही, दोन दिवस लागले. मी संथ माणूस आहे, हे तुला माहीत आहे.

घरी सोडलं त्या दिवशी टॅक्सीत सांगितलं. समोर चालक होता, पण इतक्या लोकांना माहीत झाल्यावर आणखी एकाची काय भीती? मी म्हटलं, "वर्षभर मला जमत नव्हतं, आणि मला लाज वाटत होती." झालं. मोजून पाहिलं, तू म्हणालास तसं एकच वाक्य होतं. ही म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच म्हणजे?" तर म्हणाली, "मला वाटलं, मी म्हातारी दिसायला लागले. तुम्ही अंथरुणात शिरलात की लगेच घोरायचात. नाटकच करत होतात ना? मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. नवरा मला टाळायला घोरायचं नाटक करतो, हे रोज शेजारी पडून ऐकवेना. म्हणून मी पलीकडे गेले."

गादीचा काही संबंध नव्हता. म्हणजे तसा माझा अंदाज बरोबर होता, बाकी सगळं चूक. तिला घालवलं कुणी, तर मीच, आणि तेही मेहनत करून. टॅक्सीवाल्याने आरशातून माझ्याकडे असं पाहिलं की मी पैसे न देताच उतरायला निघालो.

डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. रक्तदाबाची गोळी बदलून दिली आहे. जुन्या गोळीचाही त्या तक्रारीत थोडा हात असू शकतो म्हणाले, आणि हे मी वर्षभरापूर्वी दोन मिनिटांत विचारू शकलो असतो. चालायला सांगितलंय. बाकीचं तीन महिन्यांनी बघू म्हणाले, तेही त्यांना विचारून, बरणीला विचारून नाही. बरणी त्यांनी तपासणीला पाठवली. चष्मेवाल्याला घेऊन गेलो होतो. तो डॉक्टरांसमोर दहा मिनिटं फक्त हवामानावर बोलला.

ही काल उशी घेऊन या खोलीत आली. उशी ठेवली आणि म्हणाली, "घोरायचं असेल तर खरं घोरा." बाकी काही नाही. पण मी त्या उशीकडे बघत बसलो, ढब्बू. दुपारची वेळ होती आणि मी भर उजेडात रडत होतो.

आता एका गोष्टीची तुझी माफी मागायची आहे. तुझं आक्काबद्दलचं पत्र मी हिला वाचायला दिलं. तुला न विचारता. मला वाटलं, आता या घरात लपवण्यासारखं काही नको. ते वाचून ही स्वयंपाकघरात गेली ती तासभर बाहेर आली नाही. मग माझ्याकडून कोरे कागद मागून घेतले. काय लिहितेय ते दाखवत नाही. म्हणते, माझं पाकीट वेगळं जाईल.

तुझा,
लंब्या


१७ फेब्रुवारी

भावोजी,

तुमचं पत्र यांनी मला दाखवलं म्हणून रागावू नका. दाखवलं नसतं तर जे मला माहीत आहे ते मी मरेपर्यंत पोटात ठेवलं असतं, कारण आक्काने मला तसं बजावलं होतं. पण तुम्ही चार वर्षं जे उराशी धरून बसला आहात ते वाचल्यावर तिचं ऐकणं मला जमणार नाही. तिची माफी मी मागून घेईन.

बुटांच्या खोक्यातली बाटली आक्काला तिसऱ्याच दिवशी सापडली होती. तुम्ही कधी स्वतःचे बूट पुसले नाहीत आणि अचानक त्या खोक्याशी घुटमळायला लागलात, मग दुसरं काय होणार? तिने लेबल वाचलं आणि थेट मला फोन केला. तुम्ही थायरॉईडची गोळी घेता आणि वर ही मुळी घेता, हे पाहून ती घाबरली. दिवसातून दहा वेळा तुम्ही गिऱ्हाइकांना जे सांगता ते तिने वर्षानुवर्षं दुकानाच्या आतल्या खोलीतून ऐकलेलं होतं. तुम्हाला तोंडावर बोलली असती, तर तुम्ही लाजेने मान वर केली नसती. म्हणून तिने सगळ्या कॅप्सूल उघडल्या, आतली पूड बेसिनमध्ये ओतली आणि त्यांत मक्याचं पीठ भरलं. चमच्याच्या दांड्याने, एकेक करून. तुम्ही नवी बाटली आणली की पुन्हा तेच. दुसऱ्या बाटलीच्या वेळी मी तुमच्याकडे राहायला आले होते, तेव्हा आम्ही दोघींनी मिळून भरल्या. हसता हसता अर्धं पीठ टेबलावर सांडलं होतं.

तुम्ही वर्षभर जे घेतलंत ते मक्याचं पीठ होतं, भावोजी. म्हणून अपाय झाला नाही. आणि फायद्याचं म्हणाल, तर तिसऱ्या महिन्यात तिने मला सांगितलं, "अगं, पिठाने गुण आला." इतकी लाजून हसली होती की मला अजून तिचा चेहरा दिसतो. मी विचारलं, आता तरी सांगशील का? तर म्हणाली, "त्यांना वाटतंय ना फरक पडला, मग पडू दे की."

राहिले ते आधीचे महिने. तेव्हा तिला वाईट वाटायचं, हे खरं आहे, मी खोटं लिहिणार नाही. पण बाटली सापडली त्या दिवशी ते संपलं. फोनवर ती घाबरली होती आणि त्याच वेळी तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. मला म्हणाली, "मला वाटत होतं यांना मी नकोशी झाले. पण ज्याला बायको नकोशी होते तो चोरून कशाला काही घेईल गं?"

हे तिचे शब्द आहेत, जसेच्या तसे. आठ वर्षांपूर्वी मी ते ऐकले, हसले, आणि माझ्याच घरात वेळ आली तेव्हा विसरले. माझ्याइतकी मूर्ख मीच.

रविवारी आम्ही दोघं तुमच्याकडे येतोय. तोवर दुकान मुलाकडे सोपवा, आतल्या खोलीत बसा आणि हे पत्र पुन्हा एकदा वाचा. मोठ्याने वाचलंत तरी चालेल.

तुमची,
वहिनी